ओहोटीचा दस्तरखान

कोकणातल्या थंडीची घाटावरची माणसे चेष्टा करतात. निफाडला पारा ५-६ अंशांवर उतरतो तेव्हा आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर १५-१६ अंश असतात, आणि तेवढ्यावरच आम्ही कानटोप्या शोधू लागतो. पण जानेवारीत चार-सहा दिवस असे येतातच, की रात्रभर उत्तरेचा वारा वाहतो, फज्रच्या वेळी वुजूचे पाणी बोटांना झोंबते आणि उन्हे वर आली तरी अम्मी अंगावरची शाल काढत नाहीत. अशा दिवशी आम्ही वाचकांना एकच सांगू : चहाचा कप घेऊन ओट्यावर बसा आणि पक्षी बघा. जमले तर दुपारी किनाऱ्यावर जा.

पक्षी बघायला वर्षातला हा सर्वांत सोपा काळ. पांगारा आणि सावर यांची पाने झडलेली असतात, त्यामुळे फांदीवरचा पक्षी लपत नाही. धुके विरले की नजर लांबवर पोचते. पक्षी स्वतःच ऊन खायला उघड्यावर येतात. शिवाय यातले कितीतरी पक्षी फक्त मार्च-एप्रिलपर्यंतचे पाहुणे आहेत. नंतर बघू म्हणाल, तर ते निघून गेलेले असतील.

ओट्यावरून दिसणारे

सकाळी सातला वाडीत फारशी हालचाल नसते. किडे गारठून पानाखाली बसलेले असतात, म्हणून किडे खाणारे पक्षीही घाई करत नाहीत. शेवग्याच्या टोकावर बुलबुल बसलेला असतो, पिसे फुलवून चेंडूसारखा गोल झालेला. मुलांना वाटते तो आजारी आहे. तसे नसते. पिसे फुलवली की त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि ती हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपली गोधडी हेच करते.

विजेच्या तारेवर वेडे राघू एकमेकांना खेटून ओळीने बसतात. ऊन नारळाच्या शेंड्यावरून खाली उतरले, किडे उडू लागले, की या ओळीतला एकेक जण सूर मारतो, किडा पकडतो आणि पुन्हा आपल्या जागेवर येतो. शिंजीर मात्र थांबत नाही. त्याचे वजन दहा ग्रॅमच्या आत. एवढ्याशा शरीरात साठवण ती किती राहणार? रात्रभरात ती संपत येते, म्हणून उजाडल्याबरोबर तो जास्वंदीवर हजर असतो. फूल मोठे आणि चोच लहान, तेव्हा तो समोरून न जाता फुलाच्या देठाशी भोक पाडून मध घेतो.

विहिरीजवळच्या ओल्या फरशीवर धोबी फिरत असतो. शेपूट सारखी वर-खाली. आमच्या पुतण्याच्या मते त्याच्या शेपटीला मोटार बसवलेली आहे. करड्या पाठीचा आणि पिवळ्या पोटाचा हा करडा धोबी हिमालयातून येतो आणि पुष्कळदा मोरीच्या पाण्यावर हिवाळा काढतो. उंबरावर हळद्या शीळ घालतो. दयाळ या दिवसांत गप्प असतो. जानेवारी संपत आला की पहाटे दबक्या आवाजात गळा साफ करू लागतो आणि उन्हाळ्यात मोकळा गातो.

आणि मग हुदहुद. पक्षी बघण्याच्या आधी आपल्या घरांतल्या मुलांना त्याचे नाव माहीत असते. सूरह अन्-नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.) यांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा तो हाच. पण अंगणात बसलेला हुदहुद मुलांना दाखवला, तर ती चकित होतात. त्यांनी मनात कुठला तरी राजेशाही पक्षी कल्पलेला असतो, आणि समोर मैनेपेक्षा थोडा मोठा, मातीच्या रंगाचा, पंखांवर काळे-पांढरे पट्टे असलेला पक्षी मान खाली घालून काम करताना दिसतो. घाबरला की डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उघडतो, तेव्हा मात्र मुलांची खात्री पटते.

त्याचे काम बघण्यासारखे आहे. चालता चालता तो लांब, किंचित बाकदार चोच मातीत खुपसतो, आतल्या आत चोच थोडी उघडतो, अळी पकडतो, बाहेर काढून हवेत उडवतो आणि गिळतो. यासाठी त्याला माती लागते. भुसभुशीत, ओलसर, आखूड गवताची किंवा उघडी माती. हेच आमच्या घरात यंदा चर्चेचे कारण ठरले.

अंगणाचा प्रश्न

आमचे धाकटे भाई कुवेतला असतात. मार्चमध्ये घरात लग्न आहे. त्यांनी पैसे पाठवले आणि फोनवर सांगितले, अंगणात ब्लॉक बसवून घ्या. मांडव नीट पडेल, गाडी आत येईल, पावसाळ्यात चिखल होणार नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. दोन पावसाळ्यांपूर्वी अम्मी याच अंगणात घसरल्या होत्या आणि महिनाभर त्यांचा हात गळ्यात होता. ज्या घरात म्हातारे माणूस आहे, तिथे "मातीचे अंगण किती छान" असे म्हणणाऱ्याने आधी त्या माणसाच्या पायांचा विचार करायला हवा.

ब्लॉकवाला माप घेऊन गेला. संध्याकाळी अम्मींनीच विचारले, "मग तो हुदहुद कुठे जाईल?" त्या रोज दहा-साडेदहाला ओट्यावर बसून तांदूळ निवडतात आणि तो त्याच सुमाराला चिकूखाली येतो. पाच वर्षांत त्यांनी पक्ष्यांचे एकही पुस्तक उघडलेले नाही, पण तो साधारण कधी येतो, कधी दिसेनासा होतो आणि मांजर आले की कोणत्या बाजूला उडतो, हे त्यांना ठाऊक आहे.

दोन दिवस बोलणी झाली. शेवटी ठरले ते असे : फाटकापासून ओट्यापर्यंतची वाट आणि गाडीपुरती जागा ब्लॉकची, वाटेच्या कडेला अम्मींसाठी धरायला एक कठडा, आणि चिकूपासून विहिरीपर्यंतची बाजू मातीची. मांडव मातीवरही पडतो, आजवर पडत आलाच आहे. भाईंना फोन करून सांगितले. ते हसले, म्हणाले, "पक्ष्याने माझे पैसे वाचवले." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथल्या समुद्रकिनाऱ्यावरचा एक फोटो पाठवला. कठड्यावर पांढरा पक्षी, पाय लाल, कानामागे काळा ठिपका. खाली लिहिले होते, "हा आपल्याकडचाच ना?"

हो, तो कुरव होता. हिवाळ्यात कुरव कुवेतच्या किनाऱ्यावरही असतात आणि आपल्याही. आपल्या गावांतली निम्मी घरे ज्या वाटेने पोट भरतात, त्या आखातावर हे पक्षीही पोट भरायलाच उतरतात.

किहीमचा ओटा

घरात बसून पक्षी बघण्यात काय मोठेसे, असे कुणाला वाटत असेल तर किहीमची आठवण द्यावी. अलिबागच्या उत्तरेला असलेले हे किनाऱ्यावरचे गाव. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. लहानपणीच आई-वडील गेले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. एअरगनने पाडलेली एक चिमणी नेहमीसारखी दिसेना, गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे विचारायला मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांचे दालन उघडून दाखवले. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते.

पुढची गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी, मग बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे शिक्षण, आणि परत आले तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली. वय तिशीच्या पुढे, हातात काम नाही. तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी तहमीना किहीमला जाऊन राहिले. १९३० च्या सुमाराचा तो काळ. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. सलीम अली रोज तिथे बसून बघत राहिले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर ती राहते आणि मग तो ते पुरे करतो. पुढे तो दुसरे घरटे विणायला घेतो. हे सगळे त्यांनी बारकाईने टिपले, ते छापून आले आणि पक्षीशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक त्यानंतर, १९४१ साली आले.

त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. एक झाड, एक बैठक आणि रोज त्याच जागी जाण्याची चिकाटी लागली. अम्मींचे तांदूळ निवडणे आणि ते बसणे यांत फरक आहे तो वहीचा. म्हणून यंदा आम्ही त्यांच्याजवळ एक वही ठेवली आहे. पुतणी शाळेत जाण्याआधी त्यांना विचारून कालची नोंद लिहिते.

चांदच्या तारखेवरून भरती

आता किनाऱ्याकडे. समुद्रपक्षी बघायला घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. भरती पूर्ण असते तेव्हा चिखल आणि ओली वाळू पाण्याखाली जाते आणि पक्षी एखाद्या उंच वाळूवर एका पायावर झोपलेले असतात. पाणी उतरू लागले की ते जागे होतात. उतरत्या पाण्याचे पहिले दोन-तीन तास बघणाऱ्यासाठी उत्तम. पक्षी भुकेले असतात आणि फार लांब गेलेले नसतात.

ही वेळ काढायची कोळ्यांची जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. आपल्याकडे चांदच्या तारखा भिंतीवर लावलेल्या असतातच. चांदच्या तारखेत एक मिळवला की साधारण तिथी येते. समजा चांदची ५ तारीख आहे. तिथी सहा, पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती, आणि मधली ओहोटी पावणेअकराच्या आसपास. त्या दिवशी सकाळी आठला किनाऱ्यावर असावे. चांदची १४ असेल तर तिथी पंधरा, भरती सव्वाअकराला, ओहोटी साडेपाचला, म्हणून दुपारी अस्रच्या आसपास जावे. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. या हिशेबात तास-अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा होडी काढायची असेल तर छापील तक्ताच बघा. पक्षी बघायला एवढे पुरते.

प्रत्येकाची वेगळी जागा

आम्ही गेलो ते अक्षीला. अलिबागच्या दक्षिणेला, खाडीच्या मुखाशी असलेला हा किनारा पक्षी बघणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. वारा अंगाला टोचत होता आणि ओल्या वाळूवर पक्षी पसरले होते. पुतणीने पहिलाच प्रश्न विचारला, "एवढे सगळे एकाच ठिकाणी खातात, तर भांडत कसे नाहीत?"

उत्तर चोचीत आहे. चिखल्याची चोच आखूड. तो धावतो, थांबतो, डोळ्यांनी हेरतो आणि वरचा किडा टिपतो. तुतवाराची चोच त्याहून लांब. तो नजरेपेक्षा स्पर्शावर चालतो, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात वर-खाली करत जातो. कोरलची चोच कोयत्यासारखी वाकडी आणि इतकी लांब, की खेकड्याच्या बिळात खोलवर पोचते. काळा-पांढरा, लाल चोचीचा ऑयस्टरकॅचर शिंपले उघडतो. सँडरलिंग लाटेच्या कडेला असतात. लाट मागे गेली की तिच्या मागे धावतात, उघडे पडलेले काही उचलतात आणि पुढची लाट यायच्या आत उलटे पळतात. आर्क्टिकच्या टोकाला अंडी घालणारे हे पक्षी आपल्याकडे लाटांशी शिवाशिवी खेळत असल्यासारखे दिसतात, पण ते जेवत असतात.

ओहोटी दस्तरखान मांडते आणि प्रत्येकजण आपल्या जागेवर, आपल्या ताटातले खातो. एकाला लागते ते दुसऱ्याच्या चोचीला पोचत नाही.

हे पक्षी थंडीला भिऊन येतात अशी एक समजूत आहे. लहान चिखल्या आणि तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर पिल्ले वाढवतात. आपली १५ अंशांची थंडी त्यांना काय वाटणार? पण तिथले सरोवर गोठले, जमीन कडक झाली, की अन्न बर्फाखाली बंद होते. ते अन्नासाठी येतात. कुरवांचे डोके हिवाळ्यात पांढरे असते आणि डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका राहतो, बाळाला लावलेल्या तिटीसारखा. मार्चमध्ये डोके पुन्हा गडद होऊ लागले, चिखल्यांच्या छातीवर नारिंगी रंग चढू लागला, की समजावे निघायची तयारी चालू आहे. त्याआधी त्यांना अंगावर चरबी चढवायची असते. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या काही जातींत वजन दीडपटीहून अधिक वाढते. तीच चरबी वाटेत जळते. ती पुरली नाही तर पक्षी पोचत नाही.

थवा उडवू नका

म्हणून किनाऱ्यावरची एक सवय आम्हाला खटकते. आम्ही बघत होतो तेव्हा एक कुटुंब आले. वडिलांनी मोबाइल धरला आणि दोन्ही मुलांना सांगितले, "पळा, पक्षी उडाले पाहिजेत." थवा उडाला, वळला, दूर जाऊन बसला. दृश्य सुंदर होते यात शंका नाही. मुले पुन्हा धावली. तिसऱ्या वेळी आम्ही जवळ गेलो, सलाम-दुआ केली आणि मुलांना दुर्बिणीतून बघायला दिले. सँडरलिंगचे धावणे बघून धाकटा इतका हसला, की वडिलांनीही दुर्बीण मागितली. "हे एवढेसे लडाखहून येतात?" त्यांनी विचारले. "त्याहून पुष्कळ लांबून," आम्ही सांगितले. मग कुणी धावले नाही.

हिशेब साधा आहे. दिवसाच्या एका ओहोटीत चिखल काही तासच उघडा असतो. प्रत्येक उड्डाणात खाणे थांबते आणि मिळवलेले खर्च होते. आमच्यामागून दुसरे कुटुंब येते, मग कुत्रे, मग वाळूवर चालवलेली मोटारसायकल. पाहुण्याला जेवता जेवता दहा वेळा उठवणाऱ्या घराला आपण काय म्हणतो?

शेव-गाठ्या टाकणे हेही त्यातलेच. कुरव ते झेलतात, म्हणून त्यांना ते हवे असते असा अर्थ होत नाही. तेल, मीठ आणि बेसन हे त्यांचे अन्न नाही. या मेहमानांना आपण वाढायची गरज नाही, वाढलेले आहे. आपण फक्त दस्तरखान ओढून घेऊ नये : खाडीच्या कडेला मलबा टाकू नये, कांदळवन तोडू नये, आणि ते जेवत असताना मध्ये घुसू नये.

किती जवळ जावे, याचे माप पक्षीच देतो. खाणे थांबवून त्याने मान वर केली, की तिथेच थांबा. तो पुन्हा खाऊ लागेपर्यंत हलू नका. पुतणीला हा नियम दहा मिनिटांत कळला आणि उरलेला वेळ ती आम्हालाच हाताने मागे खेचत होती.

या महिन्यात करण्यासारखे

घरी मातीचे पसरट परळ असेल तर त्यात दोन बोटे पाणी ठेवा, मांजर दबा धरू शकणार नाही अशा जागी, आणि रोज धुऊन भरा. जानेवारीत पतंग उडतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. तो घरात येऊ देऊ नका, आणि झाडावर अडकलेला कोणताही मांजा काठीने काढून जाळ्यासारखा गुंडाळून टाका. संध्याकाळी घरट्याकडे परतणाऱ्या पक्ष्याला तो दिसत नाही.

फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. आपल्या अंगणात किमान पंधरा मिनिटे बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि मोबाइलवरून कळवायचे, एवढेच. भारतातून २०१३ पासून लोक त्यात भाग घेतात. म्हाताऱ्यांनी बघावे, मुलांनी लिहावे. दोघांना एकाच कामाला बसवणाऱ्या गोष्टी घरात फारशा उरलेल्या नाहीत.

नाव आले नाही तरी अडत नाही. रंग, चोच, वेळ आणि तो काय करत होता एवढे लिहा. किनाऱ्यावर गेलात तर चांदची तारीखही टाका. तुमच्याकडे मातीचे अंगण किती उरले आहे आणि तिथे कोण येते, हे आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात या पानावर त्यातल्या नोंदी देऊ.